महिन्याच्या सभेला

प्रति,
आशा स्वयंसेविकांची मासिक सभा,
प्राथमिक आरोग्य केंद्र, जिल्हा बीड.

विषय : सभेचा पहिला तास आम्हाला परत मिळणेबाबत.

महोदया,

पत्रास कारण की, तुझ्याशी बोलायला आता तुझ्यातच वेळ मिळेनासा झालाय. कागदावर मान म्हणून ‘महोदया’ लिहिलं. पण आपली ओळख एकाच सतरंजीवर मांडी घालून बसल्यापासूनची, तेव्हा पुढचं सगळं ‘तू’ म्हणूनच लिहिते. राग मानू नकोस.

आधी इकडची खुशाली. ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या. कोणी कोल्हापूर-सांगलीकडं, कोणी पार कर्नाटकात. गावात म्हातारी माणसं, शाळेतली लेकरं आणि दारांना कुलपं. मुकादमाकडून आगाऊ उचल घेतलेली असते, त्यामुळं सातवा महिना लागलेली बाईसुद्धा कोयत्याला जातेच. तिला थांब म्हणणं सोपं आहे. तिची उचल कोण फेडणार, याचं उत्तर आपल्यापैकी कुणाकडं नसतं. निघायच्या आधी माझ्या गटातल्या आशांनी अशा बायांची माता-बाल कार्डं प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दिली, लोहाच्या गोळ्या दिल्या, पदराच्या गाठीत नंबर बांधून दिले. एक जुनी आशा वयामुळं थांबली. जाताना तिनं तिची डायरी माझ्याकडं दिली. आणि पलीकडच्या तांड्यावर एक नवी मुलगी आशा म्हणून निवडली गेली आहे. तिच्याविषयी शेवटी लिहीन, कारण हा सगळा अर्ज मुळात तिच्यासाठी आहे.

हे पत्र उघडं आहे, तुला न ओळखणारी माणसंही वाचतील. त्यांच्यासाठी दोन शब्द. 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार लोकसंख्येमागं एक आशा असं ठरलं. आशा म्हणजे त्याच गावची बाई. गरोदरपणाची नोंद, बाळंतपणाला दवाखान्यात सोबत, नवजात बाळाच्या घरभेटी, लसीकरणाच्या दिवशी घराघरांतून लेकरं गोळा करणं, क्षयरोग्याला गोळ्या वेळेवर घ्यायला लावणं, हे तिचं काम. त्याचा मोबदला कामागणिक. अशा वीसेक आशांमागं एक गटप्रवर्तक असते. ती मी. आधी काही वर्षं मीही आशाच होते; मुक्त विद्यापीठातून बी.ए. पुरं केलं आणि गटप्रवर्तक झाले. महिन्यातून एकदा आम्ही सगळ्याजणी आरोग्य केंद्रात जमतो, ती तू. कामाचा आढावा घेणं, मोबदल्याचे दावे तपासणं आणि आम्हाला शिकवणं, आमचं अडलेलं सोडवणं, एवढी तुझी कामं नेमून दिलेली आहेत.

यातलं शेवटचं काम तू एके काळी किती मनापासून करायचीस, हे मला आज आवर्जून सांगायचं आहे.

नवजात बाळाचं प्रशिक्षण आम्हाला पाच-पाच दिवसांच्या फेऱ्यांत झालं होतं. बाहुलीवर वजन केलं, बाहुलीला कपड्यात गुंडाळलं, तक्ते पाठ केले. पण बाहुली रडत नाही, अंग काढून घेत नाही आणि तिची आजी उशाशी बसून ‘बये, पोर पडंल’ असं म्हणत नाही. माझी पहिली घरभेट होती तेव्हा आमच्या त्या वेळच्या गटप्रवर्तक ताई माझ्यासोबत आल्या होत्या. दारात चप्पल काढताना हळूच म्हणाल्या, ‘बोलायचं तू. मी फक्त पाणी मागीन.’ आणि खरंच त्यांनी आजीबाईंकडं पाणी मागितलं, चुलीपाशी बसून त्यांच्याशी भाकरीच्या पिठावर गप्पा लावल्या, आणि मला बाळापाशी मोकळीक मिळाली.

ताईंनी ते वजन मला कसं करायला लावलं, ते अजून हाताला आठवतं. आधी हात धुवून वाळू द्यायचे. मग नुसती झोळी काट्याला अडकवून उचलायची आणि पट्टीवरची खूण शून्यावर येईपर्यंत वरचा स्क्रू फिरवायचा. झोळी अडकवायच्या आधी शून्य केलं तर झोळीचं वजन बाळाच्या नावावर चढतं आणि अशक्त बाळ कागदावर धट्टंकट्टं होतं. बाळाला कमीत कमी कपड्यात झोळीत ठेवायचं, बाजेच्या वरच धरायचं म्हणजे घाबरायला नको, काटा आपल्या डोळ्यांच्या रेषेत आणायचा आणि बाळ हलायचं थांबेपर्यंत वाचायचं नाही. माझ्या कोपराखाली ताईंनी नुसतं बोट टेकवलं होतं, तेवढ्यानं माझा हात थरथरायचा थांबला. अडीच किलोच्या आतलं बाळ होतं. ताईंनी ते मला वाचू दिलं, मलाच मोठ्यानं म्हणू दिलं, आणि पुढं काय करायचं तेही घरच्यांना मलाच सांगू दिलं. त्या घरात त्या दिवसापासून मी ‘आमची आशा’ झाले. ताईंनी ते स्वतः केलं असतं तर काम पाच मिनिटांत झालं असतं आणि माझं त्या घरातलं तोंड कायमचं बंद झालं असतं.

मग तू आलीस. सभेत ताईंनी मला उभं केलं नाही. बसल्या जागीच विचारलं, ‘त्या घरी काय अडलं गं?’ मी म्हटलं, बाळ लहान आहे, अंग थंड लागतं, आणि पाचवीच्या पूजेला त्याला न्हाऊ घालायचंच असं आजी म्हणते. पुस्तकात लिहिलेलं सांगितलं तर ती म्हणते, माझी सात झाली ती काय तुझ्या पुस्तकानं? खोलीत सगळ्या हसल्या आणि लगेच बोलायला लागल्या. डोंगराकडच्या गावची एक आशा, वयानं मोठी, म्हणाली, ‘आजीला आंघोळ नको म्हणू नको. नाळ पडल्यावर आंघोळ, असं म्हण. जुन्या बायांना ते पटतं. पाचवीला बाळंतिणीला न्हाऊ घालू द्या, बाळाला ओल्या फडक्यानं पुसायचं आणि लगेच मायच्या उराशी द्यायचं.’ दुसरी म्हणाली, आजीच्याच हातात थर्मामीटर दे. काखेत धरून पीप वाजेपर्यंत तिलाच थांबू दे, आकडा तिलाच दाखव, मग तीच कुंची घालते. हे कुठल्या पुस्तकातलं नव्हतं. त्या महिन्यात आमच्या सगळ्या गावांत ‘नाळ पडल्यावर’ सुरू झालं.

सभाबाई, तू एवढं करत होतीस. एकीला रात्री अंथरुणात पडल्यावर सुचलेलं दुसऱ्या दिवशी वीस गावांत पोचवत होतीस, आणि ते पोचवताना सुचलेलीचं नाव पुसत नव्हतीस. अजूनही कोणी म्हणतं, ही त्या डोंगरवाल्या मावशीची युक्ती.

तुझं घराणंही साधं नाही. आपल्या आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडमध्ये 1970 साली रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्यानं काम सुरू केलं. खेड्यातल्या बाया त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केल्या, त्यातल्या कित्येकींना अक्षरओळखही नव्हती. त्या बाया दर आठवड्याला जामखेडला जमायच्या, गावात काय झालं ते एकमेकींना सांगायच्या, आणि जुन्या बाया नव्यांना शिकवायच्या. 1979 साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढं गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं 39 गावांत गावच्याच बायांकडून नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला आणि तीन वर्षांत तिथले नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणले. 1999 साली ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. त्यांनी तर वाचता न येणाऱ्या बायांनाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून मण्यांचं साधन केलं होतं; दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. आज आपण तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ज्या घरभेटी करतो, त्यांचं मूळ तिथं आहे. या दोन्ही ठिकाणी बाईला एकदा शिकवून गावात सोडून दिलेलं नव्हतं. तिच्या कामाकडं कोणीतरी पुनःपुन्हा येऊन पाहत होतं, तिच्याशी बोलत होतं. देशानं घरभेटी घेतल्या, फॉर्म घेतले, साहित्याची थैली घेतली. येऊन पाहणं आणि बसून बोलणं तुझ्यावर आणि माझ्यावर सोपवलं.

म्हणून तुझ्यावर माझा राग आहे. तो आता सांगते.

तू साडेदहाला सुरू होतेस. हजेरी होते, आणि लगेच कुणाचं काय राहिलं याची यादी वाचली जाते. तीस वर्षांवरच्या माणसांचे सीबॅक फॉर्म, म्हणजे मधुमेह-रक्तदाबासारख्या आजारांच्या तपासणीचे, किती राहिले, आयुष्मान कार्ड किती, आभा आरोग्य क्रमांक किती, कुठल्या ॲपमध्ये कुणाची माहिती चढलेली नाही. ज्या गावात रेंज नाही तिथली आशा रात्री गच्चीवर जाऊन लिंक भरते, तरी तिचं नाव लाल रंगात येतं. सगळ्यांसमोर ते नाव वाचलं जातं. तालुक्याच्या समूह संघटकांनाही वरून तेवढंच विचारलेलं असतं, मला माहीत आहे; त्यांना जिल्ह्याला द्यायचं असतं, जिल्ह्याला पुढं. मग दाव्यांचे कागद. कुणाची सही राहिली, कुणाची झेरॉक्स. दीडला एस.टी. असते. लांबच्या आशा बाराच्या पुढं दाराकडं बघायला लागतात, कारण ती गाडी चुकली तर संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसणं आलं. ‘कुणाला काही अडचण?’ हा प्रश्न तू विचारतेसच. पण पिशव्या खांद्याला लागल्यावर विचारतेस.

आकडे नकोत असं माझं म्हणणं नाही. आकड्यांवरच तर मला कळतं की कुठल्या वस्तीवर गोवराचा दुसरा डोस राहिला आणि कुठल्या गावात सहा भेटींऐवजी चार झाल्या. पण चार का झाल्या, हे आकड्यात नसतं. ती बाळंतीण माहेरी गेली असेल. सासूनं दार उघडलं नसेल. किंवा आशेच्या घरीच कोणी आजारी असेल. हे विचारायला मला तिच्याजवळ बसावं लागतं, आणि तुझ्या बैठकीत बसायला जागा आहे, वेळ नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या मनातून जात नाही. एका गावात बाळ गेलं. अठरा दिवसांचं. आमच्या आशेनं सगळ्या भेटी केल्या होत्या, श्वास जलद आहेत हे ओळखलं होतं, घरच्यांना समजावून गाडीत बसवलं होतं. वाटेतच बाळ गेलं. नियमाप्रमाणे बालमृत्यूचं अन्वेषण झालं, ते व्हायलाच हवं, त्यातूनच पुढचं बाळ वाचतं. पण त्या दिवसापासून सभेपर्यंत तिला जो कोणी भेटला त्यानं एकच विचारलं : तू काय केलंस? सभेत ती मागच्या भिंतीला टेकून बसली होती. तिनं दावा भरला नव्हता. त्या बाळाच्या भेटींचे पैसे मागायला तिला लाज वाटत होती. तिच्या शेजारणीनं, कुणी न सांगता, तिचा फॉर्म ओढून घेतला आणि भरून दिला. तुझ्या तीन तासांत त्या बाईसाठी झालेलं तेवढंच एक काम, आणि तेही कार्यसूचीत नव्हतं. ज्या बाईच्या हातात ते बाळ गेलं, तिला पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या बाळंतिणीच्या घरी जाऊन काटा धरायचा होता. तो हात स्थिर कोणी करायचा?

हे मी तुला बोल लावायला लिहीत नाही. तुझ्यात ती ताकद आहे, मी पाहिलेली आहे.

‘पिशवी’ची गोष्ट आठवते ना तुला? 2019 साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर झाली. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, गावोगाव पाहणी झाली. पण आपल्या सतरंजीवर ते त्याच्या कितीतरी आधी आलं होतं. चहा यायचा होता म्हणून मोकळा वेळ होता. एक आशा सहज म्हणाली, माझ्या वस्तीवर तिशीतल्या बाया पिशवी काढून आल्यात. दुसरी म्हणाली, माझ्याकडंबी. मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही, आणि आपल्यातलीच एक, जी एरवी सगळ्यांत मोठ्यानं हसते, ती म्हणाली, ‘मी पण काढलीय. डॉक्टर म्हणाला कॅन्सर होईल.’ त्या दिवशी चहा गार झाला. सिस्टर आत आल्या त्याही खाली बसल्या. पांढरं पाणी जाणं, पाळीत जास्त रक्त जाणं याला आधी औषधं असतात, पिशवी काढणं हा शेवटचा उपाय आहे, हे त्यांनी अगदी सावकाश समजावलं. उसाच्या फडात दिवसभर वाकून काम, धुवायला पाणी नाही, खाडा झाला तर मुकादम दंड कापतो, मग बाई म्हणते नकोच ती कटकट. हे आमच्या बायांनी सिस्टरांना समजावलं. दोन्ही बाजूंनी शिकणं झालं. कुणीही बाई पिशवी काढायचं म्हणाली तर आधी तिला सरकारी दवाखान्यात एकदा दाखवायचं, आणि आशेनं सोबत जायचं, असं आम्ही तिथंच आपसात ठरवलं. हे कुठल्याही परिपत्रकात नव्हतं. रिकामा वेळ होता आणि एकमेकींवर भरवसा होता, म्हणून ते बोलणं झालं.

करोनात तू बंद पडलीस. 2020 च्या सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ सुरू झालं, आम्ही ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरलो. काही दारं आमच्या तोंडावर बंद झाली, काहींनी आमच्या लेकरांशी आपली लेकरं खेळू दिली नाहीत. त्या काळात मी रोज रात्री एकेकीला फोन करायचे. बऱ्याचदा कामाचं काहीच नसायचं. एक आशा फोनवर नुसतं, ‘ताई, आज भाजी काय केली?’ एवढंच विचारायची आणि ठेवायची. तिला तेवढंच हवं असायचं. 22 मे 2022 ला जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या सगळ्या आशांचा गौरव केला तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फुलांचा पाऊस पडला. मला त्या रात्रींचे फोन आठवले.

आणि आझाद मैदान. 2024 च्या सुरुवातीला मानधनासाठी राज्यभरच्या आशा आणि गटप्रवर्तक मुंबईत जाऊन बसल्या. मार्चमध्ये आशांच्या मानधनात पाच हजारांची वाढ करायचं सरकारनं ठरवलं, ते तुला ठाऊक आहे. तुला ठाऊक नसलेलं सांगते. आमच्या शेजारी कोल्हापूरकडच्या आशा बसल्या होत्या. भाकरीच्या चटणीवरून बोलणं सुरू झालं. त्या म्हणाल्या, तुमच्याकडच्या बाया आमच्या कारखान्यावर येतात, खोपीत बाळंत होतात, आम्हाला कळतं तेव्हा बाळ आठ दिवसांचं झालेलं असतं, लशीचं कार्डही नसतं. आम्ही म्हटलं, त्या आमच्या यादीतून हललेल्या असतात आणि आम्हाला फक्त ‘स्थलांतरित’ असं लिहायचं माहीत असतं. तिथंच फोन काढले, नंबर घेतले. आता टोळी कुठल्या कारखान्याला गेली हे मुकादमाकडून काढून आम्ही तिकडच्या आशेला कळवतो, आणि ती खोपीवर जाऊन तिसऱ्या दिवसाची भेट करते. ओळखीतल्या ओळखीत. मागच्या हंगामात तिकडून एका बाळाच्या वजनाचा फोटो आला होता. काटा बरोबर डोळ्यांच्या रेषेत धरलेला होता. मला फार बरं वाटलं.

हे सगळं तुझंच आहे, सभाबाई. बाया एकत्र बसल्या आणि त्यांना थोडा वेळ मिळाला की त्या हे करतातच. तू त्यांना तेवढा वेळ दे.

आता मागणं. पहिला तास कागदाविना असावा. हजेरीसुद्धा नंतर घे. त्या तासात एकीनं महिन्यात काय अडलं ते सांगावं, बाकीच्यांनी आपण काय केलं असतं ते सांगावं, आणि सिस्टर किंवा डॉक्टर मॅडमनी ऐकून जे चुकीचं असेल तेवढंच दुरुस्त करावं. ज्या महिन्यात एखादं बाळ किंवा बाळंतीण गेली असेल, त्या महिन्यात त्या गावच्या आशेला आधी जवळ घ्यावं, फॉर्म नंतर. प्रत्येक नव्या आशेला पहिले सहा महिने एक जुनी आशा जोडून द्यावी आणि त्या जुन्या आशेला त्याचा मोबदला मिळावा. वर्षानुवर्षं घरभेटी केलेल्या बाईला शिकवण्याचे पैसे मागताना संकोच वाटू नये, इतकी ती विद्या मोठी आहे. राहिलेल्या कामाची यादी सगळ्यांसमोर वाचू नकोस. मी प्रत्येकीला तिच्या ओट्यावर बसून सांगीन, तिथं ती खरं कारणही सांगते. आणि दीडची एस.टी. लक्षात ठेव.

माझं स्वतःचंही एक मागणं आहे. माझा मोबदला दौऱ्यांवर ठरतो, आणि दौरा म्हणजे किती आशांना भेटले, किती नोंदी तपासल्या. नव्या आशेसोबत एका घरात दीड तास बसले आणि तिलाच बोलू दिलं, मी फक्त पाणी मागितलं, तर त्या दिवशी माझ्या कागदावर जवळजवळ काहीच दिसत नाही. ते दिसेल असं काहीतरी कर.

तर आता ती मुलगी. तांड्यावरची आहे, दहावी झालेली, पहिलं बाळ अंगावर आहे. घरात बंजाऱ्यांची गोरमाटी बोलते. मराठी चांगली येते, पण खुर्चीवरच्या माणसांसमोर तिचा आवाज निघत नाही. पुढच्या महिन्यात ती पहिल्यांदा तुझ्याकडं येईल, बाळ कडेवर घेऊन. तिला मागं बसू देऊ नकोस. डोंगराकडच्या मावशीच्या शेजारी बसव. मावशी बाळ मांडीवर घेतील, मग हिचे हात मोकळे होतील. पहिल्या सभेत तिला आकडा विचारू नकोस. तांड्यावर बाळंतिणीला काय खाऊ घालतात ते विचार. ते तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे आणि आमच्यातल्या कुणालाच नीट माहीत नाही. तिच्या वस्तीवर दोघीजणी टोळीबरोबर गेल्या नाहीत, त्यांचे दिवस भरत आलेत. त्यातल्या पहिल्या घरी तिसऱ्या दिवसाच्या भेटीला मी तिच्यासोबत जाणार आहे. त्या भेटीसाठी तुझ्या फॉर्मात रकाना नसेल, तर या वेळी एक वाढवून घे.

कळावे, लोभ असावा.

तुझी,
एक गटप्रवर्तक